तिरक्या रेघेचं कूळ

आमच्या एका प्रकल्पाच्या माहितीपुस्तिकेत `डेट` या आज्ञेचं वर्णन चुकलं होतं. मी ते सुधारलं आणि गिटमध्ये बदल नोंदवताना टर्मिनलवर सवयीने एका ओळीचा संदेश दुहेरी अवतरणचिन्हात टाइप केला. मराठीत सांगायचं तर ‘`डेट`चं वर्णन दुरुस्त केलं’ इतकाच. एंटर मारलं आणि जेवायला गेलो. संध्याकाळी सहकाऱ्याने विचारलं, “मंगळवार, ११ वाजून १२ मिनिटं ४० सेकंद, आयएसटी, याचं वर्णन दुरुस्त केलंस म्हणजे नक्की काय केलंस रे?”

झालं होतं ते असं. आज्ञेचं नाव मी दोन बॅकटिकांच्या मध्ये लिहिलं होतं, कारण दिवसभर तांत्रिक मजकूर लिहून हाताला तेच वळण पडलंय. मजकुरात या चिन्हाचा अर्थ ‘हे शब्द जसेच्या तसे ठेवा, हात लावू नका’ असा. टर्मिनलच्या शेलला मात्र तेच चिन्ह दिसलं की तो मधली आज्ञा तिथल्या तिथे चालवतो आणि तिच्या जागी तिचं उत्तर चिकटवतो. दुहेरी अवतरणात असलं तरी सोडत नाही. मी म्हणालो हात लावू नको, त्याने ऐकलं करून दाखव. एकच खूण आणि दोन उलटे अर्थ, हे मला दोन दिवस चैन पडू देईना. एका घरातली दोन माणसं इतक्या टोकाची निघाली की एक जण दत्तक तर नाही ना, अशी शंका येतेच. ती शंका घेऊन मी या तिरक्या रेघेचं कूळ शोधायला बसलो.

आधी खुणेची ओळख. कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यात, एस्केपच्या खाली, १ च्या अलीकडे ती बसते. डावीकडून उजवीकडे उतरणारी, अधांतरी लोंबणारी एक बारीक रेघ. मराठीत तिला नाव नाही. आमच्याकडे कुणी बॅकटिक म्हणतं, कुणी बॅककोट, आणि फोनवर कोड सांगायची वेळ आली की सगळेच ‘एस्केपच्या खालचं ते’ म्हणतात. कागदोपत्री नाव मात्र भारदस्त आहे: ग्रेव्ह अ‍ॅक्सेंट.

त्या नावापाशीच मी अडखळलो, तेही भलत्याच ठिकाणी. जोडाक्षरांची एक कटकट सोडवायला युनिकोडचा देवनागरी तक्ता उघडला होता. अ आ इ ई, क ख ग घ, मात्रा, ॐ, आणि त्याच्या जरा पुढे, ०९५३ या घरात, एक इसम बसलेला: ‘देवनागरी ग्रेव्ह अ‍ॅक्सेंट’. आपल्या लिपीच्या घरात फ्रेंच पाहुणा! शेजारची घरं वैदिक स्वरचिन्हांची आहेत, ०९५१ उदात्त आणि ०९५२ अनुदात्त. (जाता जाता: ०९५१ ला ‘उदात्त’ असं नाव असलं तरी ऋग्वेदाच्या पोथीत अक्षराच्या डोक्यावर येणारी उभी रेघ स्वरिताची असते. अनुदात्ताला खाली आडवी रेघ, आणि उदात्त बिचारा कोराच. नाव एकाचं, काम दुसऱ्याचं. पण एकदा दिलेलं नाव युनिकोड बदलत नाही.)

मग ‘ग्रेव्ह’ म्हणजे काय ते पाहिलं आणि हातातला चहा निवला. ग्रेव्ह आला लॅटिन ‘ग्रॅव्हिस’वरून. ग्रॅव्हिस म्हणजे जड. हा शब्द ग्रीक ‘बारुस’चा सख्खा चुलतभाऊ, आणि तिसरा भाऊ आपल्या संस्कृतातला ‘गुरु’. तिन्ही शब्द एकाच आदिम इंडो-युरोपीय मुळातून फुटलेले. गुरुजींचा गुरु, लघु-गुरूतला गुरु, तोच एस्केपखालच्या रेघेच्या नावात बसलाय. ग्रॅव्हिटीला ‘गुरुत्वाकर्षण’ म्हणणाऱ्याने अर्थाला अर्थ जोडला, पण नकळत धातूला धातूही जुळवला.

ही जड खूण मूळची ग्रीकांची. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातला पंडित, बायझँटियमचा अ‍ॅरिस्टोफनीस, याने इसवी सनापूर्वी २०० च्या सुमाराला ग्रीक स्वराघातांच्या तीन खुणा बसवल्या, असं परंपरा सांगते. उंच स्वराला एक, चढून उतरणाऱ्याला एक, आणि खालच्या, ‘जड’ स्वराला ही. पाणिनीने संस्कृतच्या स्वरांची जी वाटणी केली तीही तीन खणांची: उंच तो उदात्त, खालचा अनुदात्त, दोन्ही मिसळलेला स्वरित. म्हणजे बॅकटिक हा अनुदात्ताचा जोडीदार.

इथे मोह होतो. बॅकटिक आपल्याकडून गेला असं म्हणायला जीभ शिवशिवते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तर रात्रीत पाच हजार लोक पुढे पाठवतील. पण तसं नाही. भाऊ आहेत ते शब्द. रेघ स्वतंत्रपणे ग्रीकांनी ओढली, आपली अनुदात्ताची आडवी रेघ आपण ओढली. ज्या भाषांना सुरांचे चढउतार होते आणि ज्यांच्यातले पंडित जुनी काव्यं बिनचूक म्हणवून घ्यायला निघाले होते, त्या दोन्हीकडे एकाच तऱ्हेची गरज पडली. माझं समाधान तेवढ्यावर आहे.

ग्रीकमधून फ्रेंच, इटालियनमध्ये ही खूण कशी गेली तो हमरस्ता आहे, त्यावर थांबत नाही. पुढचं नाट्य थेट १९६० च्या दशकात घडतं, अमेरिकेत, एका समितीत.

अ‍ॅस्की ही संगणकातल्या अक्षरक्रमांकांची, १२८ घरांची वसाहत. १९६३ च्या पहिल्या आवृत्तीत लहान लिपीची अक्षरंच नव्हती आणि आपली रेघही नव्हती. पुढच्या फेरीत युरोपातल्या मंडळींचा विचार करावा लागला, कारण त्यांना अक्षरांवर खुणा लागत. १२८ घरांत प्रत्येक खुणेसकट अक्षर बसवणं अशक्य. तोडगा निघाला तो टाइपरायटरचा. आधी अक्षर छापा, एक पाऊल मागे या, त्याच जागेवर खूण ठोका. ज्यांनी मराठी टाइपरायटरवर हात बसवलाय त्यांना हे समजावायची गरज नाही. मी क्लासला जायचो तेव्हा उकार आणि अनुस्वाराच्या कळा ‘डेड’ असत. दाबली तरी कॅरेज जागची हलत नसे. मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा मी याच कळांपायी एकदा नापास झालोय.

तर अ‍ॅस्कीत स्वल्पविराम हा अक्षराखालची शेपटीही व्हायचा, अवतरणचिन्ह डोक्यावरचे दोन ठिपकेही व्हायचं, आणि जड स्वराघातासाठी आपली रेघ स्वतंत्र आणली गेली. पण तिला घर कुठलं द्यायचं? १९६५ च्या आवृत्तीत तिला ६४ वं घर दिलं आणि तिथल्या @ ला उचलून ९६ मध्ये टाकलं. ती आवृत्ती मंजूर झाली पण छापलीच गेली नाही. १९६७ मध्ये पुन्हा अदलाबदल होऊन @ मूळ घरी परतला आणि आपली रेघ कायमची ९६ मध्ये आली. ती अदलाबदल टिकली असती तर ईमेलच्या पत्त्यातलं @ आज ९६ क्रमांकाचं असतं, इतकंच. पण ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षं कॅरेक्टर कोडांत घातली त्याला असल्या गोष्टीत रस वाटतो, त्याला इलाज नाही.

आता गंमत बघा. ही सगळी धडपड फ्रेंचसारख्या भाषांसाठी. आणि १९८० च्या दशकातल्या फ्रेंच राष्ट्रीय प्रमाणाने काय केलं? à, é, è, ù, ç ही अख्खी अक्षरंच महिरपी कंस, @, उभी रेघ आणि बॅकस्लॅश यांच्या घरांत घुसवली आणि आपल्या रेघेला ९६ मधून हाकलून तिथे ग्रीक म्यू बसवला. ज्यांच्यासाठी घर बांधलं त्यांनीच कुलूप लावलं.

खरा घात मात्र पडद्याने केला. कागदावर छापणारं यंत्र मागे येऊन त्याच जागी दुसरी खूण ठोकू शकतं. काचेच्या पडद्यावर तसं केलं की आधीचं अक्षर पुसलं जातं आणि नुसती खूण उरते. कागदी टर्मिनल गेली तसा या रेघेचा हुद्दा गेला. नेमणूक झाली, खातं मिळालं आणि रुजू होताहोताच खातं बंद पडलं, अशी सरकारी खात्यात असते तशी तिची गत. बिनकामाची, पण पगारपत्रकावर नाव असलेली. प्रोग्रॅमर लोकांना असलं फुकट चिन्ह म्हणजे रस्त्यात पडलेलं नाणं. सी भाषेने मात्र ते उचललं नाही. @, $ आणि बॅकटिक या तिघांना सी च्या व्याकरणात कामच दिलं नव्हतं.

पण थांबा. पगारपत्रकावर तिच्या नावापुढे कंसात आणखी एक हुद्दा होता, आणि माझं सगळं प्रतिपादन त्या कंसावर उभं आहे. व्हिंट सर्फ यांनी १९६९ मध्ये आरएफसी २० म्हणून अ‍ॅस्कीचा तक्ता सगळ्यांपुढे ठेवला. त्यात या घरासमोर ग्रेव्ह अ‍ॅक्सेंट लिहून पुढे कंसात दिलंय: उघडणारं एकेरी अवतरण. आणि अ‍ॅपॉस्ट्रॉफीपुढे: मिटणारं एकेरी अवतरण. म्हणजे ९६ आणि ३९ ही घरं कागदोपत्री नवराबायको आहेत. `असं' लिहायचं, उलटी रेघ उघडायला, सुलटी मिटायला.

युनिक्सवाल्यांनी हा संसार मनापासून चालवला. युनिक्सला बेल लॅब्जमध्ये पहिलं बस्तान मिळालं ते १९७१ मध्ये पेटंट विभागाचे अर्ज सुबक छापून देण्याच्या बोलीवर. तांत्रिक लेखन हे त्या यंत्रणेचं बाळकडूच. मॅन्युअलची पानं याच जोडीत शब्द ठेवत. कनूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत आजही दोन बॅकटिक मारले की छापताना सुंदर उघडतं दुहेरी अवतरण होतं. ग्नू प्रकल्पाच्या टेक्सइन्फो या माहितीपुस्तिका लिहायच्या पद्धतीत ‘हा कोड आहे’ अशी खूण केलेला शब्द पडद्यावर याच जोडीत येई. जुन्या टर्मिनलांच्या टंकांत ही दोन चिन्हं आरशातली प्रतिबिंबं वाटतील अशी काढलेली असत, त्यामुळे डोळ्याला खटकायचं नाही. पुढे टंक बदलले, अ‍ॅपॉस्ट्रॉफी ताठ उभी झाली, आपली रेघ तिरकीच राहिली, आणि केंब्रिजच्या मार्कुस कुन यांना ‘कृपा करून या रेघेला अवतरण म्हणून वापरू नका’ असं सविस्तर लिहावं लागलं. ग्नूवालेही अखेर दोन्हीकडे ताठ चिन्ह लावा म्हणू लागले.

जोडीचा अर्थ नुसता शोभेचा नव्हता. १९७७ च्या सुमाराला कर्निगन आणि रिची यांनी एम४ नावाचा मॅक्रो प्रोसेसर लिहिला. त्याचं काम म्हणजे मजकुरात ठरावीक शब्द दिसला की त्याचा विस्तार करणं. आणि एखाद्या शब्दाचा विस्तार नको असेल तर? `त्याला' या जोडीत ठेवायचं. एम४ आत हात घालत नाही. आमची आजी लोणच्याची बरणी भरली की तोंडावर दादरा बांधायची, मग घरात कुणाची बिशाद नव्हती तिला हात लावायची. एम४ मधली जोडी म्हणजे तो दादरा. बॅकटिकचा ‘हात लावू नका’ हा अर्थ त्या काळापासून असा लेखी आहे.

आणि आता ज्या दुव्यासाठी मी हे लिहायला घेतलं तो. जावास्क्रिप्टचा कोड तपासणारी हत्यारं आधी त्या कोडचा एक वृक्ष बनवतात. मी एक छोटा नियम लिहीत होतो. बॅकटिकांत लिहिलेली मजकुराची पट्टी, म्हणजे टेम्प्लेट लिटरल, त्या वृक्षात कशी दिसते ते पाहायला फांदी उघडली. आत दोन याद्या. एक ‘एक्स्प्रेशन्स’, म्हणजे मध्ये खोचलेल्या पदावल्यांची. दुसरी ‘क्वासिस’. क्वासिस? टेम्प्लेट शब्दाशी त्याचा काय संबंध? टाइप करताना बोट घसरलेलं वाटलं. पण ते नाव प्रमाण रचनेतच आहे, रोज जगभरात कोट्यवधी वेळा ते वाचलं जात असेल आणि एकही यंत्र तक्रार करत नाही.

धागा ओढला. २०१५ मध्ये ही सोय जावास्क्रिप्टमध्ये आली तेव्हा तिचं नाव टेम्प्लेट ठरलं होतं, पण प्रस्ताव चर्चेत असताना ती होती ‘क्वासी-लिटरल’. पाटी बदलली, आतल्या फडताळावरचं जुनं नाव खरवडायचं राहून गेलं. क्वासी आलं मार्क मिलर यांच्या ‘ई’ नावाच्या भाषेतून, तिथेही बॅकटिकच. त्याच्या आधी १९७० च्या दशकातल्या लिस्पमध्ये, जिथे बॅकटिक लावला की पुढची रचना जशीच्या तशी राहते, फक्त स्वल्पविराम लावलेल्या जागा तेवढ्या भरायच्या. लिस्पवाले याला क्वासी-कोट म्हणतात. आणि हा शब्द कुठला? तर्कशास्त्रज्ञ क्वाइन यांचा, १९४० च्या ‘मॅथेमॅटिकल लॉजिक’मधला. त्यांना अशी अवतरणचिन्हं हवी होती ज्यांच्या आतला मजकूर शब्दशः राहील, पण आतली ग्रीक अक्षरं मात्र रिकाम्या जागा मानली जातील. त्यांनी त्यासाठी कोपऱ्यासारखी चिन्हं काढली. छापील फॉर्म आठवा: ‘मी, खाली सही करणार, अमुकतमुक, राहणार अमुक, शपथेवर लिहून देतो की’. छापलेलं बदलायचं नाही, टिंबटिंबाच्या जागा भरायच्या. तहसील कचेरीबाहेर झाडाखाली बसणारा अर्जलेखक दिवसभर क्वासी-कोटच भरत असतो.

म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये बॅकटिक आला तो नुसता ‘दोन्ही अवतरणचिन्हं संपली होती, तिसरं उरलं होतं’ म्हणून, हे जे सगळीकडे सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. उरलेलं होतं हे खरं. पण त्याच्या मागे लिस्पची पंगत उभी होती, आणि तिथेही त्याचा अर्थ तोच होता. हात लावू नका. फार तर ठरवून दिलेल्या भोकांतून लावा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तक्त्यांची नावं बॅकटिकांत ठेवतात तेही याचसाठी, की नाव चुकून ‘ऑर्डर’ असलं तरी त्याला आज्ञा समजू नये.

कुळात सगळे एका वळणाचे, एक शेल सोडून. १९७९ च्या व्हर्जन ७ युनिक्समध्ये स्टीफन बॉर्न यांचा शेल आला आणि त्यात बॅकटिकांमध्ये घातलेली आज्ञा चालू लागली. कल्पना नवी नव्हती. युनिक्सच्या आधीच्या मल्टिक्समध्ये हेच काम चौकोनी कंस करत. मग बॉर्न यांनी कंसच का नाही घेतले? कारण युनिक्सच्या शेलमध्ये चौकोनी कंस फायलींच्या नावांचे साचे सांगायला आधीच गुंतले होते. गोल कंस, महिरपी कंस, एकेरी अवतरण, दुहेरी अवतरण, सगळ्यांना काम लागलेलं. ९६ व्या घरातला तेवढा रिकामा. माझं मत असं की शेलने ही रेघ अर्थासाठी घेतलीच नाही, ती केवळ मोकळी होती म्हणून घेतली. वंश बुडू नये म्हणून जवळचा मुलगा दत्तक घेतात, त्याचं मूळ गोत्र वेगळं असलं तरी. पुढे ती अडचणीचीच ठरली. उघडायला आणि मिटायला एकच खूण असल्यामुळे एकात एक आज्ञा घालायची तर बॅकस्लॅशचं जंगल माजतं. कॉर्न शेलने डॉलर आणि गोल कंसाची नवी पद्धत काढली, पॉझिक्स प्रमाणाने ती मान्य केली, आणि आज शहाणी माणसं तीच वापरतात. बॅकटिक जुन्या सवयीने चालू आहे, आणि माझ्यासारख्यांच्या संदेशात तारीख घुसवायला टपलेला आहे.

आता मुख्य भांडण. मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालून मांडणी सांगायची पद्धत. तिच्यात कोडसाठी बॅकटिक आला तो कुठून?

माझा सहकारी, तोच तारीखवाला, छातीठोक सांगतो: पर्लमधून. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन आणलं तेव्हा ती पर्लमधली एक स्क्रिप्ट होती. पर्लने शेलचा बॅकटिक जसाच्या तसा घेतलेला. पर्ल लिहिणाऱ्याच्या डोक्यात ‘बॅकटिकात असतो तो कोड’ हे समीकरण पक्कं, तेच कागदावर उतरलं. ऐकायला सरळ आहे, आणि पुष्कळ जण हेच मानतात.

मला ते पटत नाही. पहिली गोष्ट, ग्रुबर यांनी वाक्यरचनेच्या माहितीत आणि खुद्द त्या स्क्रिप्टमधल्या टिपणात या खुणांना ‘बॅकटिक कोट्स’ म्हटलंय. कोट्स! अवतरण! शेलचा माणूस त्यांना कोट्स कशाला म्हणेल? दुसरी, मार्कडाउनमध्ये बॅकटिकांच्या आत काय होतं ते बघा. फुलीच्या ताऱ्यांचं ठळक होत नाही, अधोरेषेचं तिरपं होत नाही, कोनी कंस टॅग न होता साधी अक्षरं होऊन दिसतात. सगळी प्रक्रिया दाराशी थांबते. दादराच. तिसरी, आणि माझा हुकमाचा पत्ता: ग्रुबर यांनी ज्यांचं ऋण मानलं त्यात इयान फेल्डमन यांचं सेटेक्स्ट आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं, मॅकवाल्यांच्या ‘टिडबिट्स’ या साप्ताहिकाने १९९२ पासून वापरलेलं. आणि ग्रुबर पक्के मॅकवाले. सेटेक्स्टमध्ये बॅकटिकांच्या जोडीत ठेवलेला मजकूर जसाच्या तसा सोडायचा असा नियम होता, आणि त्या नियमाचं नाव काय? ‘अनटच’. पर्ल नाही, शेल नाही, आज्ञा चालवणं नाही. अनटच.

सहकाऱ्याचं यावर उत्तर तयार असतं: “असेल. पण सेटेक्स्टमध्ये त्याचा अर्थ कोड असा कुठे होता?” बोलणं खरं आहे, तिथे नव्हता. पण मी म्हणतो, तांत्रिक मजकुरात हात लावू नये असं कोडशिवाय असतंच काय? वाक्यातला शब्द इकडचा तिकडे झाला तर वाचणारा सांभाळून घेतो, कोडातला ठिपका हलला तर यंत्र घेत नाही. ‘अस्पर्श’ ते ‘कोड’ हे अंतर एका पावलाचं आहे, आणि ते पाऊल लिहिणाऱ्यांनी रोजच्या कामात टाकलं.

राहिला प्रश्न उलट्या-सुलट्या जोडीचा. `असं' होतं त्याचं `असं` कसं झालं? माझा अंदाज सांगतो, आणि तो बरोबर आहे याची मला खात्री आहे. इंग्रजी गद्यात अ‍ॅपॉस्ट्रॉफी पावलोपावली येते, डोन्ट, इट्स, कान्ट. तीच मिटणारी खूण मानली तर यंत्राला कळणार कसं की जोडी मिटली की शब्दच तसा आहे? माणूस ओळखतो, यंत्र फसतं. त्याउलट आपली सुटी रेघ इंग्रजी शब्दाच्या आत कधी म्हणजे कधीच येत नाही. म्हणून दोन्हीकडे तीच लावली. डेव्हिड गुडजर यांच्या रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्येही कोडसाठी दोन्ही बाजूंना बॅकटिकच आहेत, तेही दोन-दोन. अ‍ॅपॉस्ट्रॉफी जोडीतून गेली ती तिच्या घरच्या कामाच्या रगाड्यामुळे. बॅकटिकला घरी काम नव्हतं, तो दोन्ही दारांवर उभा राहिला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. गिटहबने तीन बॅकटिकांचं कुंपण लोकप्रिय केलं, चॅटच्या खिडक्यांनी ते उचललं. उलट दिशेने पायथॉनने २००८ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत बॅकटिकला घराबाहेर काढलं आणि पुन्हा कुठल्याही लघुरूपासाठी तो परत येणार नाही, असं लिहूनही ठेवलं. अक्षरटंकांत आणि परदेशी कळफलकांवर तो फार छळतो, ही तक्रार.

त्या तक्रारीत आपणही सामील आहोत. देवनागरी इन्स्क्रिप्टमध्ये १ च्या अलीकडची कळ दाबली की बॅकटिक येत नाही, ॊ येतो, शिफ्ट धरली की ऒ. दाक्षिणात्य भाषांतला ऱ्हस्व ओ देवनागरीत लिहायला ही सोय आहे. मला मराठी लिहायला लागून तीस वर्षं झाली, मी एकदाही हा ओ मुद्दाम वापरलेला नाही, आणि चुकून मात्र दिवसाला दहा वेळा उमटतो. मराठीत तांत्रिक मजकूर लिहायचा तर प्रत्येक आज्ञेच्या आधी कळफलक इंग्रजी करा, टिक मारा, आज्ञा लिहा, टिक मारा, कळफलक मराठी करा. मागच्या वर्षी पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी शेलच्या प्राथमिक आज्ञांची एक मराठी पुस्तिका मी अशीच रखडत लिहिली आणि डीटीपीला दिली.

प्रुफं आली ती घेऊन स्वतः ऑपरेटर बाई आल्या. वीस वर्षं त्या पाठ्यपुस्तकं लावतायत, त्यांच्या नजरेतून वेलांटी सुटत नाही.

“सर, एक विचारू? तुमच्या फाइलमध्ये अवतरणं सगळीकडे चुकलीयत. उघडणारं बरोबर आहे, पण मिटणारंसुद्धा उघडणारंच पडलंय. बहुतेक तुमच्या मशीनचा काहीतरी घोळ.”

“मग?”

“मग काय, मी शेवटची सगळी सुलटी केली. ३१२ होती.”

मी पान उलटलं. पहिल्याच ओळीत `डेट' होतं, उलटी रेघ उघडायला, सुलटी मिटायला.